एसटीच्या जुन्या बसचं घर करायचंय : वाचकांचे प्रश्न, शेडमधली उत्तरं

गेल्या अंकात बस बॉडी बांधण्याच्या धंद्याबद्दल लिहिताना मी एका ओळीत मोटरहोमचा, म्हणजे आत राहता येईल अशा गाडीचा, उल्लेख केला होता. त्या एका ओळीवरच सगळ्यात जास्त पत्रं आली. भोसरीत मी एकतीस वर्षं बॉडीची शेड चालवली. आता ती पुतण्या बघतो, पण सकाळी नऊला मी तिथे असतोच. पत्रांतली सहा निवडली आहेत. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, कारण प्रश्नही सारख्या वजनाचे नाहीत.

प्रश्न : साताऱ्याजवळ माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे. वय 29. दोन मित्र भागीदार व्हायला तयार आहेत, एक सुतार आणि एक वायरमन. एसटीच्या लिलावातून जुनी बस घ्यायची, आत पलंग, ओटा, बाथरूम बसवायचं आणि मोटरहोम म्हणून विकायची किंवा भाड्याने द्यायची, असा विचार आहे. सुरुवात कुठून करू?

भाऊ, ग्राइंडर लावण्याआधी कायदा समजून घ्या. तुमच्या योजनेत पहिली अडचण बस मिळण्याचीच आहे. 1 एप्रिल 2023 पासून केंद्राचा नियम लागू आहे : सरकारी मालकीच्या, म्हणजे राज्य परिवहन महामंडळांच्यासुद्धा, ज्या गाड्यांना पंधरा वर्षं झाली त्यांची नोंदणी संपते आणि गाडी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्यावी लागते. पूर्वी लिलावात घेतलेली बस रंगवून कुणी शाळेला लावायचा, कुणी वीटभट्टीवर मजुरांसाठी. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या बसबाबत तो रस्ता बंद झाला आहे. म्हणजे रस्त्यावर चालणारी गाडी बनवायची, तर जुनी बस खासगी मालकाकडूनच घ्यावी लागेल.

दुसरी अडचण याहून मोठी. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकाने गाडीचा जो तपशील दिला आणि जो आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, चढला, त्यापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे कलम अगदी कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. आरसीवर ‘बस, 45 आसनं’ असताना आत पलंग आणि ओटा असेल, तर ती गाडी रस्त्यावर बेकायदा आहे. पडदे कितीही सुंदर लावा.

हे मी वर्तमानपत्र वाचून सांगत नाही. 2016 मध्ये एका गिऱ्हाइकाला मी शाळेच्या जुन्या बसमध्ये चार जणांची झोपायची सोय करून दिली. काम मन लावून केलं होतं. सागवानी फळ्या, ओट्याखाली स्टीलची टाकी, छताला आतून पोपटी रंग. दीड वर्षाने वायरिंगला आग लागून मागचा तिसरा हिस्सा जळाला. सुदैवाने गाडी उभी होती आणि आत कुणी नव्हतं. विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने आरसी पाहिली, गाडीत डोकावला आणि दावा नामंजूर झाला. त्या कुटुंबाचे पैसे गेले. वायरिंग माझ्या शेडचं होतं. अर्धी रक्कम मी परत केली, पण ती जळकी गाडी शेडच्या दारात चार महिने उभी होती. रोज तिच्यावरून नजर जायची. त्यानंतर कागदाशिवाय एकही काम घेतलं नाही.

मग सरळ मार्ग कोणता? तो आहे. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-124 नावाचं मानक आहे. मोटर कॅरव्हॅन म्हणवून घ्यायला गाडीत बसायच्या जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा हवी, आणि टेबल सोडून हे सगळं गाडीला पक्कं जोडलेलं हवं. असा नमुना बनवायचा, चाचणी संस्थेकडे न्यायचा, मंजुरी घ्यायची आणि त्या मंजुरीवर आरटीओत नोंदणी करायची. चाचणी संस्थांच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत. पुण्यात एआरएआय आहे, भोसरीत सीआयआरटी आहे, अहिल्यानगरला व्हीआरडीई आहे. देशभरातले बॉडीवाले या तिन्ही ठिकाणी येतात, आपल्याला एसटीने जाता येतं.

आता हिशेबाची गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण धंदा तिच्यावरच उभा राहतो. मंजुरी मिळते ती एका ठरावीक चासीवर, म्हणजे इंजिन-चाकांसकटच्या खालच्या सांगाड्यावर, बांधलेल्या एका ठरावीक नमुन्याला. त्या नमुन्याच्या दहा गाड्या बांधल्या तर खर्च दहा ठिकाणी वाटला जातो. जुन्या बसचं तसं होत नाही. एक 2014 ची, दुसरी 2017 ची, एकीचं इंजिन पुढे, दुसरीचं मागे, एकीची बॉडी तमिळनाडूत करूरला बांधलेली, दुसरीची इंदूरला. प्रत्येक गाडी म्हणजे नवं चित्र, नवी मापं, नवी परीक्षा. एकेका गाडीसाठी हा खर्च कधीच निघणार नाही. म्हणून रस्त्यावरची मोटरहोम बनवायची असेल तर नवी चासी किंवा नवी कोरी व्हॅन घ्या, एकच नमुना पक्का करा आणि तोच पुन्हा पुन्हा बांधा.

आकार निवडताना आणखी एक गोष्ट. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की हलक्या वाहनाचा परवाना असलेला माणूस 7,500 किलोपर्यंत एकूण वजनाचं परिवहन वाहनही चालवू शकतो. तुमचं गिऱ्हाईक कोण? कारचा परवाना असलेली बँकेतली बाई, निवृत्त प्राध्यापक, दोन मुलांचे आईबाप. गाडी साडेसात टनांच्या आत ठेवलीत तर ही माणसं ती स्वतः चालवू शकतात. बारा मीटरची बस घेतलीत तर प्रत्येक सहलीला ड्रायव्हर हवा, त्याला झोपायला जागा हवी, आणि कुटुंबाला हवा असलेला एकांत तिथेच संपतो.

जुन्या बसवरचं तुमचं प्रेम मला समजतं. पत्रातच दिसतं ते. त्या प्रेमाला जागा आहे, पण ती थांबलेल्या बसमध्ये. त्याबद्दल खाली देवगडच्या ताईंना लिहिलं आहे, तेही वाचा. तुमच्या तिघांच्या हाताला पहिली दोन वर्षं तेच काम योग्य आहे. सांधे, पाणी, वीज, उष्णता हे सगळं त्यात शिकायला मिळतं आणि चूक झाली तर कुणी घाटात अडकत नाही.

प्रश्न : आमची देवगड तालुक्यात आंब्याची बाग आणि दोन खोल्यांचा होमस्टे आहे. बागेत एक जुनी बस कायमची उभी करून पाहुण्यांची खोली करायची आहे. मुलगा म्हणतो वेडेपणा आहे. तुम्हाला काय वाटतं?

ताई, मला तुमची कल्पना फार आवडली. पुण्यात 2016 पासून जुन्या बसमध्ये बायकांसाठी ‘ती’ नावाची स्वच्छतागृहं सुरू झाली. उभ्या बसचा उपयोग किती चांगला होतो ते मी तिथे पाहिलं. बसचा सांगाडा मुळात पंचेचाळीस माणसं खड्ड्यांतून नेण्यासाठी बांधलेला असतो. एका जागी तो बरीच वर्षं टिकतो, मात्र कोकणात दोन गोष्टींची काळजी घ्यायला हवी : खारा वारा आणि पाऊस.

बस विकत घेताना मालकाने तिची नोंदणी रद्द केल्याचा कागद हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. नाहीतर बागेत उभ्या असलेल्या गाडीचा कर आणि दंड कुणाच्या तरी नावावर वाढत राहतो आणि पाच वर्षांनी भांडण तुमच्या अंगणात येतं. नोंदणी रद्द झाली की ती बस रस्त्यावर चालवता येत नाही. ती लो-बेड, म्हणजे बुटक्या सपाट ट्रेलरवर आणावी लागेल. आधी बागेपर्यंतचा रस्ता मोजा. बस बारा मीटरची, त्यात ट्रेलरची लांबी, आणि देवगडकडचे चिऱ्याचे गडगे आणि वळणं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. एका गिऱ्हाइकाची बस गावाच्या शेवटच्या वळणावर अडकली. एका बाजूचा गडगा उतरवून, दगड बाजूला रचून, बस गेल्यावर पुन्हा लावावा लागला. एक दिवस आणि क्रेनचं दुप्पट भाडं त्यात गेलं. तुम्हाला सात-आठ मीटरची मिडी बस पुरेल. दोन पाहुण्यांना तेवढी जागा भरपूर होते.

टायरवर उभी ठेवू नका. टायरमधली हवा जाते, स्प्रिंगचे पाटे बसतात आणि वर्षभरात बस एका कुशीवर कलते. मग बाथरूमचं पाणी उलट्या कोपऱ्यात साठतं. चासीच्या दोन्ही लांब गर्डरखाली, चाकांच्या जवळ, सिमेंटचे सहा खांब घ्या आणि त्यांवर बस पातळीत बसवा. खालून वारा खेळता राहील एवढी उंची ठेवा. मांजर आरामात जाईल एवढी तरी हवीच.

आणि बसवर स्वतंत्र छप्पर घाला. हा खर्च टाळावासा वाटेल, टाळू नका. बसच्या टपाचे सांधे धावत्या गाडीवरून पाणी ओघळून जाईल या हिशेबाने केलेले असतात. तुमच्याकडे जूनपासून तीन-तीन दिवस धार लागते. पाणी रिवेटच्या छिद्रातून आत येतं, प्लाय फुगतो, आणि पाहुणे येईपर्यंत आत कुबट वास बसलेला असतो. टपापासून फूटभर वर, चारी बाजूंनी दोन फूट बाहेर काढलेला पत्रा किंवा मंगलोरी कौलं घाला. पाऊस अडतो, आणि मे महिन्यात टप तापत नाही हा मोठा फायदा. कौलांखालची बस दुपारी दोनलाही बसण्यासारखी राहते.

शोषखड्डा विहिरीपासून लांब घ्या, बसच्या पत्र्याला अर्थिंग करा, ग्रामपंचायतीत आधीच बोलून घ्या. जागा समुद्राच्या अगदी काठावर असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामबंधनाची, रेषा आधी पाहा. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 पासून आहे आणि कॅरव्हॅन पर्यटनाचं 2021 पासून. पर्यटन संचालनालयात दोन्हींची चौकशी करा. होमस्टे आधीच चालतो, त्यामुळे तुम्हाला कुणाला काही नव्याने पटवून द्यावं लागणार नाही.

मुलाला सांगा, खिडक्या तशाच ठेव. सकाळी आडव्या पलंगावरून सलग खिडक्यांच्या रांगेतून कलमं दिसणं, याचेच पाहुणे पैसे देतील.

प्रश्न : जुनी बस घेताना आतून किती सडली आहे हे कसं ओळखायचं? विकणारा नवा रंग मारून उभी करतो. (नाशिक)

नवा रंग दिसला की माझी पहिली शंका तिथेच जाते. खिशात खडू आणि छोटी हातोडी ठेवा, अंगावर जुने कपडे घाला आणि थेट गाडीखाली झोपा. वरून बस बघण्यात वेळ घालवू नका.

सडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. चाकांच्या वरच्या कमानी, कारण टायर चिखल आणि खडी तिथेच फेकतं. दाराची पायरी, कारण पावसात भिजलेली पायताणं रोज तिथेच पडतात. मागच्या बंपरच्या आतली बाजू. आणि चासीतून बाहेर बॉडीकडे येणारे आडवे हात, ज्यांवर बॉडीची बाजू बसलेली असते. या चारही ठिकाणी हातोडीने हलकं वाजवत जा. चांगलं लोखंड टणत्कार देतं. सडलेलं ‘भद्द’ वाजतं, आणि एकदा ऐकलं की तो आवाज विसरता येत नाही. तसा आवाज आला की खडूने गोल करा. शेवटी गोल मोजा. दहा-बारा गोल झाले तर चौकट बदलावी लागेल. तीस झाले तर चहा पिऊन परत या.

ॲल्युमिनियमच्या पत्र्याची बस असेल तर आणखी एक बघा. ॲल्युमिनियम आणि लोखंड जिथे एकमेकांना चिकटतात आणि मधे ओल राहते, तिथे पांढरी पूड सुटते. रिवेटभोवती अशी पूड दिसली आणि बोटाने रिवेट फिरला, तर तिथला पत्रा खाल्ला गेला आहे असं समजा. हे काम ज्यांना शिकायचं असेल त्यांनी दापोडी, चिकलठाणा किंवा हिंगण्याच्या एसटी कार्यशाळेत काम केलेल्या जुन्या मिस्त्रीला गाठावं. एसटीच्या बॉड्या वर्षानुवर्षं याच तीन ठिकाणी बांधल्या गेल्या. माझा पहिला हेडमिस्त्री दापोडीचा होता. तो अंधारात हात फिरवून रिवेट ढिला आहे की नाही सांगायचा.

पुढचा काच-चौकटीचा कोपरा, सीटखालची पाण्याची रेघ, जमिनीच्या प्लायवर टाचेने दिलेला दाब, हेही बघा. इंजिन उभ्या बसला लागत नाही, त्याचे पैसे विकणाऱ्याला देऊ नका.

प्रश्न : मोटरहोममध्ये एसी रात्रभर बॅटरीवर चालेल का? एक जण म्हणतो सोलर लावला की झालं. (छत्रपती संभाजीनगर)

चालेल, पण आधी हिशेब करा. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, चांगलं इन्सुलेशन केलेल्या गाडीत, रात्री सरासरी आठ-नऊशे वॅट ओढतो असं मी धरतो. आठ तासांना सात युनिट. 51.2 व्होल्ट, 200 अँपिअर-तासांचा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा संच दहा युनिटचा होतो. त्यात रात्र निघते आणि थोडं उरतं. हेच काम घरच्या इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीने करायचं म्हटलं, तर ती निम्म्याच्या खाली उतरवायची नसल्याने 150 अँपिअर-तासांच्या आठ लागतील. एकेकीचं वजन पन्नास किलोच्या वर. चारशे किलोंहून जास्त शिसं तुम्ही घाटातून वर चढवणार. लिथियम महाग वाटतं ते दुकानात, गाडीत नाही.

सोलरचं म्हणाल तर 540 वॅटचं एक पॅनेल साधारण साडेसात फूट बाय पावणेचार फूट असतं. मोठ्या बसच्या टपावर एसीची जागा सोडून चार आरामात बसतात. कडक उन्हात दिवसाला आठेक युनिट मिळतात. एप्रिलमध्ये तुमच्या भागात जमेल. जुलैत आंबोलीला गेलात तर जमणार नाही. म्हणून मुक्कामी बाहेरून वीज घ्यायचं सॉकेट हवंच आणि चालत्या इंजिनावरून चार्ज करायची सोयही हवी.

पण पैसे आधी इन्सुलेशनमध्ये घाला. थर्माकोल चिकटवून वर पीव्हीसी मारू नका. आग लागली तर काळा धूर थोड्याच वेळात माणसाला बेशुद्ध करतो. काचलोकर ओल धरून खाली बसते. मी बंद पेशींचा नायट्रिल रबर शीट वापरतो, आग न धरणारा, फटी न ठेवता, पत्र्याला पूर्ण चिकटवून. फट राहिली की पत्रा आणि शीटच्या मधे दव जमतं आणि आतून गंज सुरू होतो.

वायरिंगचं कळकळीने सांगतो, कारण वर लिहिलेली गाडी माझ्या हातून जळली. घरातली एका तारेची कडक वायर गाडीत वापरायची नाही, हादऱ्याने ती आतून तुटते. बारीक तारांची तांब्याची वायर घ्या. पत्र्यातून जाईल तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी, घाला. माझ्या गाडीत एका भोकाला ग्रोमेट नव्हतं, बस. पत्र्याच्या धारेने दीड वर्षात वायर सोलली. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, वीतभर अंतरावर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नको.

प्रश्न : गाडी बांधताना सुरक्षिततेसाठी सगळ्यात महत्त्वाचं काय? गॅस, पाणी, वजन, दरवाजे, सगळंच महत्त्वाचं म्हणतात. (कोल्हापूर)

बाहेर पडायची वाट. 1 जुलै 2023 च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटली, पेटली आणि दोन डझनांहून जास्त माणसं आतच दगावली. बस दाराच्या कुशीवर पडली होती, दार जमिनीखाली दबलं. ती बातमी वाचून मी शेडमधल्या पोरांना गोळा केलं आणि बांधायला घेतलेल्या गाडीत एकेकाला आत झोपवून विचारलं, आता गाडी डाव्या कुशीवर आहे, कुठून निघशील? चौघांपैकी दोघांना उत्तर देता आलं नाही. संकटकालीन खिडकीसमोर आम्हीच कपाट ठेवलं होतं. ते त्याच दिवशी काढलं. तेव्हापासून प्रत्येक पलंगावरून दोन वाटा, त्यातली एक टपातून किंवा मागच्या काचेतून, हा आमचा नियम आहे. प्रत्येक गाडी देताना गिऱ्हाइकाच्या मुलांना त्या वाटेने एकदा बाहेर काढतो. मुलांना ते फार आवडतं.

वजनाचं थोडक्यात. बसमध्ये एका प्रवाशाचं वजन 68 किलो धरण्याची रीत आहे, म्हणजे 44 प्रवासी उतरवले की तीन टनांची जागा मोकळी होते. त्यामुळे लोकांना वाटतं हवं ते भरा. एकूण वजन बसतंही, पण कुठे ठेवलं याने घात होतो. एकदा पाचशे लिटरची टाकी मी मागच्या चाकांच्याही मागे, उजव्या बाजूला बसवली, कारण तिथे जागा होती. पाचशे लिटर म्हणजे अर्धा टन. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला पोचल्यावर ड्रायव्हरचा फोन आला. “शेठ, स्टिअरिंग हलकं लागतंय, पुढची चाकं जमिनीला धरत नाहीत.” चिपळूणलाच टाकी रिकामी करायला लावली आणि परत आल्यावर ती दोन्ही एक्सलच्या मधे, खाली घेतली. तेव्हापासून प्रत्येक गाडी वजनकाट्यावर चार वेळा चढते : पुढची चाकं, मागची चाकं, डावी बाजू, उजवी बाजू, तीही टाक्या भरून.

गॅसबाबत माझं मत पक्कं आहे. घरचा 14.2 किलोचा सिलिंडर चालत्या गाडीत नको. तो गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीवर साठतो, आणि झोपलेली माणसंही खालीच असतात. दहा युनिटची बॅटरी आहे तर इंडक्शन वापरा. पोळ्या होतात, मी करून पाहिल्या आहेत.

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालेला चालक, पारनेर तालुका. माझ्याकडे अकरा वर्षं एकच गाडी होती. ती आता मोडीत निघणार असं डेपोतून कळलं. ती मला विकत मिळेल का? दारात उभी करून नातवंडांना खोली करून देईन.

चालकदादा, तुमचं पत्र मी शेडमध्ये मोठ्याने वाचून दाखवलं. 1 जून 1948 ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला निघाली ती तुमच्याच जिल्ह्याच्या रस्त्यावरून. त्या रस्त्यावर अकरा वर्षं एकच गाडी सांभाळणाऱ्या माणसाला तिची किंमत मी काय सांगणार?

खरं सांगायचं तर गाडीला पंधरा वर्षं झाली असतील तर ती अख्खी मिळणार नाही. ती स्क्रॅप केंद्रातच जाणार, तिथे तिचा चासी नंबर कापला जाईल आणि पत्रा-लोखंड वेगळं होईल. डेपोतल्या साहेबांना भीड घालू नका, त्यांच्याही हातात ते नाही.

पण स्क्रॅप केंद्रांना निघालेले काही भाग विकता येतात. डेपोतून गाडीचा नंबर आणि ती कोणत्या केंद्रात जाणार ते लिहून घ्या, आणि गाडी तिथे पोचायच्या आधी स्वतः जाऊन बोला. गेल्यावर फार वेळ मिळत नाही, कटर लागला की दिवसभरात गाडी संपते. चालकाची सीट मागा, मागच्या दोन बाकड्या मागा, वाहकाच्या घंटीची दोरी आणि घंटी मागा. दाराची आतली उभी दांडीही मागा. ती अकरा वर्षं हातांनी घासून गुळगुळीत झालेली असेल.

नातवंडांची खोली विटांचीच बांधा. बाकड्या खिडकीखाली बसवा, दांडी दाराशी उभी करा, घंटी छताला लावून दोरी खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढा. बाकड्यांचे पाय मूळच्या चार बोल्टांनी जमिनीला धरलेले असतात. ते बोल्टसुद्धा मागून घ्या, बाजारात त्या मापाचे सहज मिळत नाहीत. मिळाले नाहीतच तर शेडमध्ये या, माझ्याकडे डबाभर आहेत.